सांगाडा आणि कातडे : घडीच्या नावेची गोष्ट

एप्रिल महिन्यात मोरगावला गेले, तर कऱ्हेच्या पात्रात पाण्यापेक्षा खडक आणि वाळूच जास्त दिसते. पुरंदरच्या डोंगराळ भागातून निघालेली ही नदी सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती अशी वाहत पुढे नीरेला मिळते. नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख. अशा ठिकाणी नावेचा इतिहास सांगायला बसणे थोडे चमत्कारिक वाटेल. पण जरा विचार केला तर ध्यानात येते, की नावेचा प्रश्न अशाच मुलखात खरा अवघड असतो.

कोकणच्या खाडीला बारा महिने पाणी, म्हणून तिथे नावही बारा महिने. देशावरच्या नद्यांना आठ महिने उतार असतो. माणसे, बैलगाड्या, मेंढ्यांचे कळप सारे पायीच पलीकडे जातात. पावसाळ्यात मात्र तीच नदी भिंतीसारखी आडवी उभी राहते. एवढ्या दिवसांपुरती प्रत्येक उतारावर मोठी लाकडी नाव कोण बांधणार? आणि ज्याला एका पावसाळ्यात पाच-सहा नद्या ओलांडायच्या आहेत, त्याने काय करायचे? त्याला नाव बरोबर घेऊन फिरावे लागते. म्हणजे ती हलकी हवी, सुटी करता यायला हवी आणि वाटेत मोडली तर वाटेतच दुरुस्त होणारी हवी. या तीन अटींनीच घडीच्या नावेला जन्म दिला. त्यातल्या तिसऱ्या अटीकडे इतिहासात फारसे लक्ष दिले जात नाही. या लेखात मुख्यतः तिच्याविषयी बोलायचे आहे.

१८०३ चा पावसाळा

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव वसईला गेला आणि वर्षअखेरीस त्याने इंग्रजांशी तह केला. त्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी मेजर जनरल आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून फौज घेऊन निघाला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. तुंगभद्रा आणि कृष्णा ओलांडून तो अकलूजला आला आणि बारामतीच्या बाजूने पुण्याकडे वळला. पुणे जाळले जाणार अशी बातमी आल्याने शेवटचे सुमारे ६० मैल त्याच्या घोडदळाने ३२ तासांत कापले आणि २० एप्रिल १८०३ रोजी ते पुण्यात पोचले. ही दौड शक्य झाली, याचे एक साधे कारण पंचांगात आहे. एप्रिलमध्ये या भागातल्या नद्या वाट अडवत नाहीत.

परंतु पुढचे युद्ध पावसाळ्यात होणार हे वेलस्लीला दिसत होते. किंबहुना त्याला ते तसेच हवे होते. त्याचा हिशोब असा, की मराठ्यांचे बळ त्यांच्या वेगवान घोडदळात आहे आणि भरलेल्या नद्या ते बळ रोखतात. नदी ओलांडण्याचे साधन आपल्याजवळ असेल आणि त्यांच्याजवळ नसेल, तर पावसाळा आपल्या बाजूचा. मुंबईहून त्याने पुलासाठी खास होड्या मागवल्या होत्या, पण त्या वाहून आणणारे गाडे पावसाळी रस्त्यांवर निकामी झाले. त्याच्या कामी आल्या त्या दक्षिणेत शतकानुशतके चालत आलेल्या, कातड्याने मढवलेल्या गोल टोपल्या. कानडी मुलुखात यांना हरिगोल म्हणतात, तेलुगूत पुट्टी, तमिळमध्ये परिसल. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर त्याच्या फौजेने भरलेली गोदावरी अशाच टोपल्यांतून ओलांडली. त्यानंतर महिन्याभराने असईची लढाई झाली.

या टोपल्या कशा असाव्यात याच्या सूचना वेलस्लीने दिल्या होत्या. व्यास साधारण दहा फूट, कातडे दुहेरी, आणि शिवण दोऱ्याची न घालता चामड्याच्या वादीची. ही शेवटची सूचना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सुती दोरा ओला राहिला की कुजतो आणि सुईने पाडलेले छिद्र मोकळे राहते. वादी पाण्याने फुगते आणि आपले छिद्र आपणच बुजवते.

अशी टोपली किती ओझे वाहील? वर्गात करण्यासारखे गणित आहे. दहा फूट म्हणजे सुमारे ३ मीटर व्यास, तेव्हा तळाचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर. तळ सपाट धरला आणि टोपली १० सेंटिमीटर बुडाली, तर ती ०.७ घनमीटर पाणी बाजूला सारते. म्हणजे सुमारे ७०० किलो वजन तरले. ३० सेंटिमीटर बुडाली तर दोन टनांहून अधिक. बांबूच्या आणि कातड्याच्या त्या टोपलीत तोफा कशा गेल्या, याचे उत्तर आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे.

मोट शिवणारे हात

ही बनावट फार जुनी आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने युफ्रेटिस नदीवरच्या गोल नावांचे वर्णन केले. वरच्या डोंगराळ भागात वाळुंजाच्या फांद्यांचा सांगाडा करून त्यावर कातडे चढवीत, तळाशी गवत घालीत आणि मालाबरोबर एक गाढवही नावेत घेत. बाबिलोनला पोचल्यावर माल विकायचा, सांगाडा आणि गवतही तिथेच विकायचे, आणि कातडी गाढवावर लादून पायी घरी परतायचे, कारण प्रवाहाविरुद्ध ती नाव चालत नसे. सांगाडा टाकून दिला तरी चालतो, कातडे मात्र जपायचे, हे त्या व्यापाऱ्यांनी ठरवून टाकले होते. घडीच्या नावेचा हा एक फार जुना लिखित पुरावा म्हणता येईल. विजयनगरला १५२० च्या सुमारास आलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पायश यानेही तुंगभद्रेवरच्या वेताच्या, कातड्याने मढवलेल्या गोल नावांची नोंद केली आहे. त्या सारख्या गोल फिरत राहतात, हेही त्याने टिपले.

कातडे पाण्यात टिकवण्याची विद्या मोरगावच्या पंचक्रोशीतही होती. फक्त ती नदीवर दिसत नसे, विहिरीवर दिसे. पंप येण्यापूर्वी बागायत मोटेवर चाले. चामड्याची मोट, तिची सोंड, नाडा आणि सोंदूर. धावेवरून बैल खाली गेले की मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई. ही मोट दिवसभर ओली आणि रात्री कोरडी. त्यातच कातड्याचा सगळा त्रास साठलेला आहे. कातडे सतत ओले राहिले तर कुजते, पुरते वाळले तर तडकते. म्हणून ढोर समाजातले कारागीर बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने ते कमावत. या दोन्हींतल्या तुरट द्रव्यांना टॅनिन म्हणतात. टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंना घट्ट बांधते, त्यामुळे जिवाणूंना ते सहज खाता येत नाही. नंतर कातड्याला तेल पाजायचे, म्हणजे तंतू एकमेकांवर घसरत राहतात आणि कातडे लवचीक राहते. ठिगळ लावायचे ते वादीने. मोट, पखाल, तेला-तुपाचे बुधले या सगळ्यांमागे हीच विद्या आहे.

सेनापतीच्या सूचनांत व्यास आला, कातड्याचे थर आले, वादी आली. ती वादी ओढणाऱ्यांची नावे मात्र आली नाहीत. पण सूचना लिहिणाऱ्याला हे ज्ञान अशाच कारागिरांच्या कामातून मिळालेले असणार, हे उघड आहे.

उत्तरेकडची कयाक

गोल टोपली गरगरते. सरळ आणि वेगाने जायचे तर नाव लांब आणि निमुळती हवी. हा प्रश्न ध्रुवप्रदेशातल्या लोकांनी फार पूर्वी सोडवला. ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेच्या टोकाला झाडे उगवत नाहीत. समुद्राने वाहून आणलेले लाकूड आणि सीलचे कातडे एवढेच साहित्य. त्यातून इन्युइट लोकांनी एका माणसाची, वरून झाकलेली शिकारीची नाव केली. तिचे नाव कयाक. लाकडाचे तुकडे खिळ्यांनी न ठोकता कातड्याच्या पट्ट्यांनी बांधलेले असत. त्यामुळे लाटेवर नाव किंचित वाके आणि सांधा तुटण्याऐवजी हले.

कातडे शिवण्याचे काम स्त्रियांचे. त्यांची शिवण दुहेरी असे आणि सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच जाई, आरपार जात नसे. मग पाणी येणार कुठून? शिवणीला आणि कातड्याला चरबी चोळत, आणि जुने झालेले कातडे उतरवून सांगाड्यावर नवे चढवत. नवरा समुद्रातून परत येणे बायकोच्या टाक्यावर अवलंबून होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

रबर आणि शिंपी

युरोपात कातड्याची जागा रबर लावलेल्या कापडाने घेतली. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलाभेद्य कापड केले. ते उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होई. रबर गंधकाबरोबर तापवले की हा दोष जातो, हे चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधले. १८४० च्या दशकात ब्रिटिश नौदलातल्या पीटर हाल्केटने अंगावर झग्यासारखी घालता येणारी आणि फुगवली की नाव होणारी वस्तू तयार केली. डॉ. जॉन रे यांनी १८४६ च्या उत्तर ध्रुवप्रदेशातल्या मोहिमेत हाल्केटची नाव वापरली.

आज ज्याला घडीची कयाक म्हणतात, ती १९०५ मध्ये म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिश या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने केली. बांबूच्या काठ्यांचा सांगाडा आणि त्यावर शिडाचे कापड. तिच्यातून तो इझार नदीवर बाड ट्योल्झपासून म्युनिकपर्यंत आला. १९०७ मध्ये रोझेनहाइमच्या योहान क्लेपर याने या कल्पनेचे हक्क विकत घेतले. क्लेपर व्यवसायाने शिंपी होता. हे काम सुताराने किंवा जहाज बांधणाऱ्याने उचलले नाही, शिंप्याने उचलले. यात योगायोग असेल, पण तो अर्थपूर्ण आहे. नावेच्या कापडाला नेमका ताण हवा. सैल राहिले तर सुरकुत्या पडून पाणी अडते, जास्त ताणले तर शिवण उसवते. मापात कापड कापणे हेच शिंप्याचे कसब.

बांधणीची युक्ती थोडक्यात अशी. अ‍ॅश नावाच्या लवचीक लाकडाच्या लांब पट्ट्या आणि बर्च प्लायवुडच्या आडव्या चौकटी. सांगाड्याचे पुढचे आणि मागचे असे दोन अर्धे भाग कापडी खोळीत दोन्ही टोकांना सरकवायचे. मध्यभागी ते थोडे वर उचललेले राहतात. तिथला सांधा तरफेसारखा खाली दाबला की दोन्ही भाग सरळ होतात, सांगाडा लांबतो आणि खोळ ताणली जाते. मग मधल्या चौकटी बसवायच्या. आपली छत्री याच तत्त्वावर चालते. काड्या वाकतात, कापड ताणले जाते आणि दोघे मिळून एकमेकांना आकारात धरतात.

सायकलप्रमाणेच ही नाव मध्यमवर्गाची झाली. पिशव्यांत भरायची, आगगाडीने नदीच्या उगमाकडे जायचे, प्रवाहाबरोबर खाली यायचे आणि पुन्हा गाडीने घरी. हिरोडोटसच्या व्यापाऱ्यांचे गाढव गेले आणि आगगाडी आली, एवढाच फरक. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तर घडीच्या कयाकच्या १०,००० मीटरच्या शर्यतीही झाल्या. त्यानंतर त्या कधीच झाल्या नाहीत.

युफ्रेटिसवरून कोकणच्या किनाऱ्याने

या नावेची सर्वांत कठीण परीक्षा एका बेकार जर्मन तरुणाने घेतली. हाम्बुर्गचा ऑस्कर श्पेक हा वीजकाम करणारा होता. मंदीत त्याचा धंदा बुडाला. मे १९३२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो उल्म येथून सुमारे साडेपाच मीटर लांबीची घडीची कयाक घेऊन डॅन्यूब नदीत उतरला. सायप्रसच्या तांब्याच्या खाणींत काम मिळवायचे एवढाच बेत होता. वाटेत वरदार नदीच्या खडकाळ प्रवाहात नावेची मोडतोड झाली आणि हिवाळ्यात नदी गोठली. तो थांबला आणि वसंतात पुढे निघाला.

सायप्रसनंतर मात्र त्याचा बेत वाढला. सीरियातून नाव गाडीवर टाकून तो युफ्रेटिसवर गेला. हिरोडोटसने वर्णन केलेल्या कातडी नावा ज्या प्रवाहाने खाली जात, त्याच प्रवाहाने घडीची नाव खाली निघाली. इराणच्या आखातावर खारे पाणी, ऊन आणि वाळू यांनी नाव जर्जर केली, तेव्हा जर्मनीहून नवी येईपर्यंत त्याला काही महिने थांबावे लागले. पुढे कराचीपासून तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याने मुंबईमार्गे दक्षिणेकडे गेला आणि मे १९३५ मध्ये श्रीलंकेला पोचला.

हा महिना पाहा. जूनमध्ये मोसमी वारा सुरू झाला की कोकणातले नाखवे आपली गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारतात. मग डागडुजी चालते आणि नारळी पौर्णिमेनंतर नावा पुन्हा पाण्यात जातात. पश्चिम किनारा मेअखेरीपूर्वी मागे टाकणे श्पेकला भागच होते. १८०३ मध्ये वेलस्लीने जे पंचांग नद्यांसाठी पाहिले, तेच श्पेकला समुद्रासाठी पाहावे लागले.

पुढे मद्रास, कलकत्ता, ब्रह्मदेश, सिंगापूर, जावा, न्यू गिनी असा प्रवास करून सप्टेंबर १९३९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या एका लहान बेटावर उतरला. दुसरे महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला अटक झाली आणि युद्ध संपेपर्यंत तो छावणीत राहिला. सुटल्यावर तो ऑस्ट्रेलियातच ओपल या रत्नाच्या धंद्यात स्थिरावला आणि १९९३ मध्ये वारला. त्याची छायाचित्रे आणि कागदपत्रे सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत. सात वर्षांत सुमारे पन्नास हजार किलोमीटर. एकच नाव एवढे टिकली नाही. ती बदलत गेली आणि मधल्या काळात ठिगळांवर चालत राहिली.

एका फाटलेल्या नावेची गोष्टही इथे सांगायला हवी. ७ डिसेंबर १९४२ च्या रात्री फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश पाणबुडी 'टूना'मधून सहा घडीच्या नावा बाहेर काढण्यात येत होत्या. बोर्दो बंदरातल्या जर्मन जहाजांना सुरुंग लावायचे होते. त्यांतल्या 'कॅशलॉट' या नावेचे कापड पाणबुडीच्या दारात अडकून फाटले. तिथे दुरुस्तीला वेळ नव्हता. तिचे दोघे सैनिक मागे राहिले. पुढे गेलेल्या दहांपैकी फक्त दोघे जिवंत परतले. कापडाच्या एका फाटीने दोन माणसांचे आयुष्य ठरवले.

झिजते काय, आणि का

आता प्रत्यक्ष देखभालीकडे वळू. मोट शिवणाऱ्याला आणि श्पेकला जे प्रश्न पडले, तेच आजही घडीची कयाक बाळगणाऱ्याला पडतात. त्यामागचे विज्ञान शाळेतलेच आहे.

पहिला शत्रू वाळू. ती नावेत पायाबरोबर येते आणि सांगाड्याची पट्टी व खोळ यांच्यामध्ये जाऊन बसते. प्रत्येक लाटेला पट्टी किंचित हलते आणि वाळू पॉलिशपेपरसारखी आतून घासते. म्हणून छिद्र बहुधा तळाच्या मध्यरेषेवर पडते आणि ते खडकाने पडले असे आपण समजतो. उपाय दोन. प्रत्येक सफरीनंतर नाव सुटी करून आतून धुणे, आणि ज्या रेषांवर खोळ पट्ट्यांवर टेकते त्या रेषांवर बाहेरून रबराच्या जादा पट्ट्या चिकटवणे. सदऱ्याच्या कोपरावर ठिगळ आधीच लावून ठेवावे, तसे.

दुसरा शत्रू मीठ. समुद्राचे पाणी वाळले की मिठाचे कण राहतात. ते हवेतली आर्द्रता ओढतात, त्यामुळे लाकूड आणि कापड वरवर वाळलेले दिसले तरी ओलसर राहते. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असतील, तर खाऱ्या ओलीत त्यांचा छोटा विद्युतघट तयार होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. म्हणून गोड्या पाण्याने धुणे आवश्यक. जुन्या नावांचा वरचा भाग सुती कापडाचा असे. ओला झाला की सूत फुगून विणीतली छिद्रे बुजतात, हा त्याचा गुण. ओलसर घडी घातली की बुरशी धरते, हा दोष. घडी घालण्यापूर्वी कापड पूर्ण वाळले पाहिजे.

तिसरा शत्रू ऊन आणि हवा. वाळवायचे ते सावलीत. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ओझोन रबराचे लांब रेणू तोडतात, आणि रबर ताणलेले असेल तर चिरा लवकर पडतात. एक सोपा प्रयोग आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या घ्या. एक ताणून फळीवर ठोका, दुसरी सैल ठेवा. दोन्ही गच्चीवर काही आठवडे राहू द्या. ताणलेल्या पट्टीवर ताणाच्या दिशेला काटकोनात बारीक चिरा दिसू लागतील. नाव वर्षानुवर्षे जोडून ताणलेल्या अवस्थेत का ठेवू नये, याचे हे एक कारण. दुसरे कारण असे, की कधीच न उघडलेले सांधे गच्च धरतात. उलट घट्ट घडी घालून माळ्यावर टाकली, तर घडीच्या रेषेवर रबर तडकते आणि उंदरांचेही फावते. सैलसर गुंडाळी करावी, रबरावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि हंगामापूर्वी एकदा नाव जोडून पाहावी.

ठिगळ आणि सांधा

छिद्र शोधायची रीत सोपी आहे. नाव उंचावर ठेवून आत थोडे पाणी ओतावे. पाणी बाहेर जिथे पाझरते तिथे खूण करावी. पुढचे काम सायकलचे पंक्चर काढणाऱ्याला पाठ असते. जागा कोरडी करायची, कानशीने किंवा पॉलिशपेपरने खरवडायची, दोन्ही पृष्ठांवर सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा आणि लगेच न चिकटवता थांबायचे. थांबायचे का? सोल्यूशनमधला द्रावक उडून जायला हवा. तो आत अडकला तर बुडबुडे राहतात आणि ठिगळ सुटते. बोटाला चिकटेल न चिकटेल असे झाले, की मधून कडेकडे दाबत बसवायचे.

ठिगळ गोल कापतात, किंवा चौकोनी असेल तर कोपरे गोल करतात. ताण देताना टोकदार कोपऱ्याशी तो एकवटतो आणि तिथून कड उचलली जाते. विद्यार्थ्यांना कापडाच्या तुकड्यावर चौकोनी आणि गोल अशी दोन ठिगळे चिकटवून वारंवार ताणायला सांगा. आधी काय सुटते ते त्यांनाच दिसेल.

शिवण उसवली तर नवी सुई जुन्याच छिद्रांतून घालावी. शेजारी नवी छिद्रे पाडली तर पोस्टाच्या तिकिटांच्या मधल्या रेषेसारखी फाटण्याची रेषा तयार होते. वेलस्लीच्या टोपल्यांतली वादी आणि इन्युइट स्त्रियांची अर्धी सुई याच छिद्राच्या प्रश्नाची दोन उत्तरे होती.

लाकडाचे काम वेगळे. व्हार्निश उडाले की तिथून पाणी शिरते, लाकूड काळे पडते आणि पुढे कुजते. पट्टीच्या कापलेल्या टोकातून तर पाणी फार लवकर शिरते, कारण झाडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडे तिथे उघडी असतात. म्हणून टोकांना जादा हात द्यावा. पट्टी प्रवासात मोडली तर हाड मोडल्यावर लावतात तशा काठ्या लावून दोरीने आवळून बांधावी. एवढ्यावर किनारा गाठता येतो. घरी आल्यावर दोन्ही तुकडे तिरपे तासून जोडतात. पट्टी एक सेंटिमीटर जाड असेल तर तिरपा भाग निदान आठ सेंटिमीटर लांब हवा. तिरपेपणामुळे डिंकाला धरायला पुष्कळ जागा मिळते आणि ताण एकाच रेषेवर येत नाही.

या यादीत एक गोष्ट दिसेल. यातले एकही काम करताना सबंध नाव टाकून द्यावी लागत नाही. सांगाडा आणि कातडे वेगळे असल्याने ज्याचे दुखणे त्याच्यापुरते बरे करता येते. एकसंध साच्यातून काढलेली प्लॅस्टिकची नाव जास्त दणकट असते, तिला देखभालही कमी लागते. परंतु ती कुठे पुरती चिरली तर दुरुस्ती अवघड जाते. हलकेपणाची किंमत घडीच्या नावेत रोजच्या काळजीने चुकवावी लागते. ती चुकवणारा कुणी असेल तरच ही नाव चालते.

पुन्हा भीमेकाठी

१९५० च्या दशकात क्लेपरच्या नावांत दोन्ही कडांना हवेच्या लांब नळ्या आल्या. फुगवल्या की त्या खोळ ताणतात आणि नाव पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवतात. डॉ. हानेस लिंडेमान यांनी १९५६ मध्ये अशाच नावेतून एकट्याने ७२ दिवसांत अटलांटिक ओलांडला. वाटेत वादळात नाव दोनदा उलटली, पण ती बुडाली नाही.

कऱ्हा-नीरा-भीमेच्या मुलखात आज मोटा नाहीत. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाल्यापासून इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला मात्र पाण्याचा मोठा विस्तार आहे आणि त्यावर नावाही आहेत. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी नाव वादळी वाऱ्यात याच पाण्यात उलटली आणि सहा जण बुडाले. जिथे पूर्वी पायउतार होता तिथे आता खोल पाणी आहे. पाण्याबरोबर त्याची शिस्तही यावी लागते. अंगावर तरणजाकीट, वाऱ्याचा अंदाज, नावेची नियमित तपासणी, हे सारे शिकावे आणि शिकवावे लागते.

मोट शिवणाऱ्याचे ज्ञान कुणी लिहून ठेवले नाही, म्हणून मोटेबरोबर त्यातले बरेचसे गेले. पंक्चर काढणारा आणि छत्री दुरुस्त करणारा अजून गावोगाव भेटतो. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हाच छत्र्याही बाहेर निघतात. एका तासाला अशा कारागिराला वर्गात बोलवावे, मुलांना मोडक्या छत्र्या आणायला सांगाव्यात आणि काडी कुठे मोडते, कापड कुठे फाटते, टाका कुठे घालायचा, हे त्याच्याकडून ऐकावे. ताण, लवचीकता आणि झीज हे धडे तिथेच होतील. आणि मुलांनी वहीत टिपणे काढताना त्या कारागिराचे नावही लिहून घ्यावे.